वहीतलं मत चारचौघांत सांगू का?

(पत्र थोडक्यात: एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, हिशेबाच्या कामातून गेल्या वर्षी निवृत्त झालेल्या ताईंचं हे पत्र आहे. १९८५पासून त्या पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाची वहीत नोंद ठेवतात: नाव, कुठे पाहिला, सोबत कोण होतं आणि दोन ओळींत मत. निवृत्तीनंतर त्या गावच्या वाचनालयात दर चौथ्या शनिवारी भरणाऱ्या चित्रपट मंडळात जाऊ लागल्या. आधी सिनेमा, मग चहा, मग चर्चा. तिसऱ्याच महिन्यात ‘कागज़ के फूल’ पाहून त्या म्हणाल्या, “नायक स्वतःचीच कीव करत बसतो, मला कंटाळा आला.” त्यावर एक जुने सभासद म्हणाले, “ताई, तुम्ही आपल्या संध्याकाळच्या मालिकाच बघत जा,” आणि सगळे हसले. तेव्हापासून त्या तिथे गप्प बसतात. आता मंडळाच्या वर्धापनदिनाला प्रत्येकाने एका अभिजात चित्रपटावर सात मिनिटं बोलायचं आहे आणि चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा त्यांच्या वाट्याला सत्यजित राय यांचा बंगाली सिनेमा ‘पथेर पांचाली’ आला. त्यांच्या वहीत त्याची नोंद अशी: “फार संथ. मिठाईवाल्याच्या मागे मुलं जातात ते छान. मधे झोप लागली.” त्या विचारतात, कुठून तरी वाचून चांगलं चांगलं बोलावं, तब्येतीचं कारण सांगून टाळावं, की मंडळच सोडावं? मिस्टर म्हणतात, “नको तिथं तोंड कशाला उघडतेस?” आणि शेवटचा प्रश्न: “जिचा सगळ्यात आवडता सिनेमा ‘अशी ही बनवाबनवी’ आहे, तिने अशा ठिकाणी जावंच का?” सोबत वहीच्या काही पानांच्या झेरॉक्स आहेत.)

प्रिय ताई,

तुमचं पत्र एकदा वाचलं, पण झेरॉक्सची पानं चार वेळा. रेघा मारून केलेले रकाने, हिशेबाच्या वहीसारखे. त्यात एका जागी ‘शोले’ आहे, फिरून लागला होता तेव्हाचा. सोबत: मोठी वहिनी. मत: “लांबला. पण ती सून एकेक दिवा मालवत जाते आणि हा खाली बसून बाजा वाजवतो, ते डोळ्यांपुढून जात नाही.”

ताई, तो प्रसंग चित्रित करायला कितीतरी संध्याकाळी खर्ची पडल्या होत्या. दिवस मावळल्यावर आणि अंधार पडायच्या आधी जो उजेड असतो, तो जेमतेम काही मिनिटं टिकतो. तेवढ्यात जमेल तेवढं चित्रण करायचं आणि मग दुसऱ्या दिवशीच्या तिन्हीसांजेची वाट बघायची. अमजद खानच्या संवादांवर अख्खा देश फिदा असताना तुमचं लक्ष त्या दिव्यांकडे गेलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुठे वाचलं नव्हतं. हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. तुम्ही मला जो प्रश्न विचारला आहे त्याच्या मुळाशी एक समजूत आहे, की “मला सिनेमातलं कळत नाही”. ती समजूत तुमच्याच वहीशी जुळत नाही, एवढंच मी दाखवते आहे. तुम्ही हिशेबातल्या आहात. ताळा जुळला नाही की कुठलीतरी एक नोंद चुकलेली असते.

माझ्या मते चूक अशी झाली आहे: “मला आवडला का” आणि “तो मोठा आहे का” हे दोन प्रश्न तुम्ही एकाच रकान्यात टाकता आहात. ‘पथेर पांचाली’ बघताना झोप लागली म्हणजे एक तर तो उगाच डोक्यावर घेतलाय, नाहीतर मी अडाणी, असे दोनच पर्याय तुम्ही स्वतःपुढे ठेवलेत. खरं तर दोन्ही नसू शकतं. कारल्याची भाजी उत्तम झालेली असते आणि तरी ती आपल्याला नको असते. आपण काही स्वयंपाकिणीला नावं ठेवत नाही की स्वतःच्या जिभेला.

मोठं कोण, हे ठरवणाऱ्यांचंही एकमत टिकत नाही. लंडनहून निघणारं ‘साइट अँड साउंड’ हे मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना विचारून सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी काढतं. पहिल्या यादीत ‘बायसिकल थीव्ज’ वर होता. मग १९६२पासून २००२पर्यंत पाचही वेळा ‘सिटिझन केन’. २०१२ साली त्याला खाली ढकलून हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ आला, जो १९५८ साली लागला तेव्हा त्याचं स्वागत यथातथाच झालं होतं. आणि २०२२ साली पहिला आला शांताल आकरमन या बेल्जियन दिग्दर्शिकेचा, १९७५चा, ३ तास २१ मिनिटांचा सिनेमा. त्याचं नाव म्हणजे त्यातल्या बाईचं नाव आणि पत्ता आहे, फार लांबलचक. त्यात बराच वेळ ती बाई घरकाम करते. बटाटे सोलते, अंथरूण आवरते, भांडी घासते आणि कॅमेरा हलत नाही. कधी मिळाला तर बघा असं मला मनापासून वाटतं. कंटाळा येईल, कदाचित खूप येईल. पण बटाटे शिजत ठेवायचं तिचं वेळापत्रक एके दिवशी जरासं चुकतं, तेव्हा काय बिनसलंय हे तुमच्या मंडळातल्या कुणाहीपेक्षा तुम्हाला आधी कळेल.

‘कागज़ के फूल’बद्दल तुम्ही जे म्हणालात, ते १९५९च्या प्रेक्षकांनी न येऊन सांगितलं होतं. सिनेमा पडला. आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट, एवढा खर्च, एवढा जीव ओतलेला, आणि त्यानंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून आपलं नाव पुन्हा कधी लावलं नाही. पुढच्या पिढ्यांनी तो डोक्यावर घेतला. मग कोण चुकलं? मला वाटतं कुणीच नाही. नायक स्वतःची कीव करतो हे खरंच आहे, तो सिनेमा त्या कीवेचाच आहे. काहींना ते सोसत नाही, काहींना त्यात स्वतःचं दुःख दिसतं. पण त्यातल्या स्टुडिओतल्या गाण्यात उंचावरून जो प्रकाशाचा झोत खाली येतो, तो छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी बाहेरचं ऊन आरशांवर घेऊन आत सोडला होता. नायकाचा राग येत असतानाही तो झोत बघता येतो. तुम्ही बघितलाही असेल; पण तुमचं वाक्य “कंटाळा आला” पाशी संपलं आणि समोरच्याला फक्त तेवढंच ऐकू गेलं.

इथे मला तुम्हालाही थोडं टोकायचं आहे. तुमच्या वहीत दोन तऱ्हेच्या नोंदी आहेत. एक दिव्यांसारख्या, मिठाईवाल्यासारख्या. दुसऱ्या “बकवास”, “संथ”, “उगाच लांबवलाय”, “ओव्हरॲक्टिंग” अशा. दुसऱ्या तऱ्हेच्या नोंदी प्रामाणिक आहेत, पण त्या निकालपत्रासारख्या आहेत. खटला कुठे चालला ते त्यातून कळत नाही. ‘पथेर पांचाली’ संथ म्हणजे कुठे संथ? तुमचं लक्ष नेमकं कुठल्या क्षणी उडालं? आजी बोळक्या तोंडाने जेवत असते तेव्हा? पाण्यावर किडे फिरतात तेव्हा? “इथून पुढे माझं मन घरच्या गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे गेलं” असं कुणी म्हटलं तर ते ऐकायला मी कान टवकारीन. कारण त्यात बघणारं माणूस दिसतं आणि सिनेमातली ती जागाही दिसते.

‘कोर्ट’ लागला होता तेव्हाची गोष्ट सांगते. चैतन्य ताम्हाणेच्या त्या सिनेमात कॅमेरा एका जागी बसून राहतो, माणसं येतात, बोलतात, जातात. शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, सगळे निघून जातात, शिपाई दिवे बंद करतो आणि पडदा काळाच राहतो. थिएटरात माझ्या मागे बसलेले एक काका मोठ्याने म्हणाले, “कॅमेरा बंद करायला विसरले का हे?” काही जण हसले, काही जण उठून चालायला लागले, आणि तेवढ्यात पुढचा प्रसंग सुरू झाला. मला त्या काकांचं वाक्य सिनेमापेक्षा कमी लक्षात नाही. त्यांनी चिडून का होईना, पण त्या दिग्दर्शकाने मुद्दाम जे केलं होतं तेच नेमकं पकडलं होतं. माणसं गेली तरी ती खोली, ती यंत्रणा तशीच उरते. त्यांना पुढचं पाऊल टाकायला कुणी विचारलं असतं, “काका, का बरं बंद केला नसेल?”, तर काय छान चर्चा झाली असती. तुमच्या मंडळात तुम्हाला कुणी असं विचारलं नाही. हसण्यात गेलं सगळं. ही त्या मंडळाची चूक आहे, तुमच्या समजेची नाही. असल्या मंडळांतून पुढे बसणाऱ्या जाणकारांनीही हे वाचलं तर बरं. नव्या माणसाच्या “मला कंटाळा आला”ला “कुठे?” एवढाच प्रश्न विचारून बघा.

आता ‘पथेर पांचाली’कडे वळू. तुमच्या तीन ओळींतली मधली ओळ मला फार मोलाची वाटली. मिठाईवाला खांद्यावर कावड घेऊन येतो, घरात पैसे नाहीत, तरी दुर्गा आणि अपू त्याच्या मागे निघतात, त्यांच्या मागे कुत्रा. ती सगळी वरात तळ्याच्या पाण्यात उलटी चालताना दिसते. मिळणार काही नाही हे मुलांना ठाऊक आहे, तरी चालण्यातच त्यांना मजा आहे.

त्या मिठाईवाल्याची एक गोष्ट सत्यजित राय यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पैसे संपले म्हणून चित्रण मधेच थांबलं आणि पुन्हा सुरू होईपर्यंत ते काम करणारा माणूस वारला होता. मग तेवढाच धिप्पाड दुसरा माणूस शोधला. चेहरा जुळत नव्हता, म्हणून त्याला पाठमोरा दाखवला. एका दृश्यात पहिला माणूस चालत येतो आणि पुढच्या दृश्यात दुसराच माणूस श्रीमंतांच्या दारातून आत जातो. कुत्र्याचंही तेच झालं, तोही मधे मेला आणि दुसरा आणला. काश नावाच्या गवताच्या फुलांच्या शेतात एक दिवस चित्रण करून मंडळी आठवड्याने परत गेली, तर गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकलेली. पुढच्या हंगामाची वाट बघावी लागली. १९५२च्या शरदात सुरू झालेला सिनेमा १९५५ साली पुरा झाला, तोही शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले म्हणून. नाव ‘वाटेचं गाणं’ अशा अर्थाचं, त्यामुळे सरकारी दफ्तरात तो खर्च रस्तेसुधारणेच्या नावावर पडला असं सांगतात. हे वाचून तुमच्यातल्या हिशेबनीस बाईंना काय वाटेल याची मला उत्सुकता आहे!

ही माहिती तुम्ही भाषणात घालावी म्हणून सांगत नाही. ती कुणालाही मिळते. मला म्हणायचंय ते एवढंच की ज्या जागी तुम्ही “छान” लिहिलंत, तिथे खरोखरच खूप काही घडलेलं आहे.

आणि झोप? वाचनालयाचा हॉल, संध्याकाळची वेळ, दिवसभराचं काम उरकून तुम्ही आलेल्या. बंगाली संवाद, खाली इंग्रजी अक्षरं, तीही पांढऱ्या पडद्यावर पांढरी. मंडळाने कुठली प्रत दाखवली हेही विचारून घ्या. या सिनेमाच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेतल्या आगीत जळाल्या होत्या. पुढे वाचलेल्या फिती दुरुस्त करून २०१५ साली लख्ख प्रत तयार झाली. जुनी, धुवट, आवाज खरखरणारी प्रत बघणं आणि ही बघणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अशा परिस्थितीत कुणालाही झोप लागली असती. बोलण्याआधी एकदा घरी, सकाळच्या वेळी, अर्धा अर्धा करून बघा. पुन्हा कंटाळा आला तर येऊ दे. पण मग तो पक्का, तपासलेला कंटाळा असेल.

तब्येतीचं कारण सांगू नका. एकदा टाळलंत की पुढच्या चौथ्या शनिवारी वाचनालयाच्या पायऱ्या चढणं आणखी जड जाईल. वाचून उसनं कौतुकही करू नका. तुमची ४० वर्षांची वही एका बाजूला आणि ती सात मिनिटं दुसऱ्या बाजूला, असं होईल. तुम्ही लिहिलंय की तिथे लोक ‘मिझाँसेन’, ‘नववास्तववाद’ असे शब्द वापरतात आणि तुमची छाती दडपते. ते शब्द वाईट नाहीत. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि चित्रपट संग्रहालय मिळून वर्षानुवर्षं रसग्रहणाचे वर्ग घेत आले, तिथे प्रा. सतीश बहादूर याच ‘पथेर पांचाली’तला एकेक प्रसंग थांबवून थांबवून शिकवायचे. पण आधी प्रसंग, मग शब्द. तुमच्याकडे प्रसंग आहे. शब्द लागला तर नंतर कुणालाही विचारता येईल.

मी तुमच्या जागी असते तर वहीच घेऊन उभी राहिले असते. ती नोंद जशीच्या तशी, झोपेसकट, वाचून दाखवली असती. मग म्हटलं असतं की मी पुन्हा पाहिला, आणि मला मिठाईवाल्याबद्दल बोलायचं आहे. सात मिनिटं फक्त तेवढ्याबद्दल: कोण पुढे, कोण मागे, पाणी, कुत्रा, आईने पैसे नाहीत म्हटल्यावर मुलीचा चेहरा. तुमच्या लहानपणी दारावर काय विकायला यायचं आणि तुम्ही कुणाच्या मागे गेला होतात, हे आठवत असेल तर तेही. जिथे दुसऱ्यांदाही मन लागलं नाही ती जागा नाव घेऊन सांगायची आणि विचारायचं, “इथे तुम्ही काय बघता? मला खरंच समजून घ्यायचंय.” त्या जुन्या सभासदांना टोला हाणण्याचा मोह होईल, तो आवरा. तुमच्या या प्रश्नाला कदाचित तेच सगळ्यात मनापासून उत्तर देतील. काही माणसांना चांगलं बोलता येतं, फक्त कुणी विचारावं लागतं.

‘बनवाबनवी’बद्दल तुम्ही जे लिहिलंत त्याने मात्र मला वाईट वाटलं. वहीत त्याची नोंद ११ वेळा आहे आणि मताच्या रकान्यात एकदाही हसलो-रडलोपलीकडे काही नाही. जसा काही तो सिनेमा मत असण्याच्या लायकीचाच नाही. १९८८चा तो सिनेमा हृषीकेश मुखर्जींच्या जुन्या ‘बीवी और मकान’वर बेतलेला आहे, पण वसंत सबनीसांनी तो पुण्याच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये असा रुजवला की मूळ कुणाला आठवतही नाही. शहरात बिऱ्हाड मिळत नाही, घरमालकीणबाईंना फक्त जोडपी हवीत, म्हणून एक खोटं. ते झाकायला दुसरं. मग तिसरं. एकही प्रसंग फुकट जात नाही, प्रत्येक विनोद पुढच्या अडचणीचं बी पेरून जातो. “हा माझा बायको पार्वती” ऐकून इतकी वर्षं आपण हसतो, कारण घाबरलेल्या माणसाचं व्याकरण आधी कोसळतं, हे अशोक सराफला नेमकं ठाऊक आहे. बाराव्यांदा पाहाल तेव्हा मताचा रकाना भरा, एवढी माझी विनंती. आणि पुढच्या वर्षी मंडळात चिठ्ठ्या टाकताना त्यात हेही नाव घाला म्हणावं.

‘सैराट’वर आपलं पटत नाही. तुम्ही लिहिलंय, “शेवट नको होता. घरी येऊन जेवले नाही.” मला वाटतं तो शेवट हवाच होता. आवाज पूर्ण बंद होतो आणि ते पोर तांबड्या पावलांनी दाराबाहेर चालत जातं. त्याशिवाय आधीची सगळी गाणी, सगळं झिंगणं आपण घरी घेऊन गेलो असतो आणि विसरलो असतो. पण तुमचं दुसरं वाक्य माझ्या या सगळ्या म्हणण्यापेक्षा जास्त सांगतं. नको होता, तरी जेवण गेलं नाही. तुम्हाला नेमकं काय नको होतं, सिनेमातलं की बाहेरचं, हे कधी लिहाल का मला?

एक शेवटचं, तुम्ही न विचारलेलं. ‘सोबत’ हा रकाना मी वरून खाली वाचत गेले. आधी मैत्रिणी आणि वहिनी, मग ओळीने “हे”, “हे”, “हे”, अगदी पावसात भिजत पाहिलेल्या सिनेमालासुद्धा. १९९४नंतर बहुतेक ठिकाणी “टीव्हीवर, एकटी”. मिस्टर तोंड उघडू नको म्हणतात, त्यात तुम्हाला पुन्हा कुणी हसू नये ही धास्तीही असू शकेल. तुम्ही घरी पुन्हा ‘पथेर पांचाली’ लावाल तेव्हा त्यांना बसा म्हणा, निदान पहिला अर्धा भाग. मिठाईवाल्याची गोष्ट आधी सांगू नका. तो दारातून आत जाईल तेव्हा माणूस बदललाय हे त्यांना दिसतं का, ते बघा.